उपणणे, पाखडणे आणि एक इंग्रजी क्रियापद

मराठीच्या प्राध्यापिकेने एका इंग्रजी क्रियापदावर लिहावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु या क्रियापदाची आणि माझी पहिली ओळख शब्दकोशात झालेली नाही. ती भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळला, आमच्या खळ्यावर झाली. त्याचे इंग्रजी नाव मात्र मला फार उशिरा कळले.

अड्याळ हे पवनी तालुक्यातले धानाच्या मुलखातले गाव. दिवाळी उलटली की कापलेल्या धानाच्या कडपा बांधून पुंजणे रचले जायचे, मग बैलांच्या पायाखाली मळणी व्हायची आणि तणस बाजूला काढले की खळ्यावर धान आणि फोल यांचा मिश्र ढीग उरायचा. तिथून पुढचे काम वाऱ्याचे. आई सूप भरून डोक्याच्या वर धरायची आणि वाऱ्याची झुळूक आली की ते हळूहळू रिते करायची. वारा पडला की सगळे थांबायचे. मी लहान असताना एकदा घाईने अख्खे सूप एकदम उपडे केले होते. आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "वारा पायजे, घाई नोको. धान पायापाशीच पडते, बाई. उडते थे फोल."

हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षे विसरले होते. त्याची किंमत मला फार महाग पडली, आणि माझ्यापेक्षा अधिक दुसऱ्याच कुणाला.

बी.ए.ला इंग्रजी साहित्य हा माझा एक विषय होता. कीट्सने सप्टेंबर 1819 मध्ये लिहिलेली शरद ऋतूवरची कविता आम्हांला अभ्यासाला होती. तीत शरद ऋतू धान्याच्या कोठारात निवांत बसलेला आहे आणि उपणणीचा वारा त्याचे केस अलगद उचलतो आहे. 'विनो' हे क्रियापद मला प्रथम तिथे भेटले. वर्गातल्या शहरी मुलींना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला, मला नाही. तोवर इंग्रजी ही मला नेहमी दुसऱ्याच्या घरातली भाषा वाटत आली होती. त्या घरात अचानक आमचे सूप टांगलेले दिसावे, तसे झाले. तेव्हापासून हा शब्द माझा लाडका झाला. लाडक्या शब्दाचे जे होते तेच झाले: तो कुठेही वापरावासा वाटू लागला.

या शब्दाचे कूळ पाहिले तर तो सरळ वाऱ्यापासूनच आलेला आहे. जुन्या इंग्रजीतले त्याचे रूप 'विंडविअन', आणि त्यात 'विंड' म्हणजे वारा स्पष्ट ऐकू येतो. 1611 च्या इंग्रजी बायबलात रूथच्या कथेतला बवाज रात्री खळ्यावर सातू उपणतो, तो या शब्दाचा अगदी शब्दशः उपयोग. मिल्टनने 1667 च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये मात्र धान्य पूर्णपणे गाळून टाकले. पाचव्या सर्गात राफाएल हा देवदूत स्वर्गातून खाली येताना पंखांनी हवाच 'विनो' करतो. तिथे धान नाही, फोल नाही. उरली आहे ती फक्त सुपाची हालचाल. मराठीत आपल्याला 'हवा उपणली' असे म्हणता येणार नाही. 'पंखांनी वारा घातला' म्हणावे लागेल, आणि त्यात खळे हरवेल.

आज इंग्रजीत हे क्रियापद बहुधा खळ्याबाहेरच वावरते. ढीगभर पुराव्यातून खरे-खोटे वेगळे करणे, शंभर अर्जांची यादी दहावर आणणे, हे सारे 'विनो' करणेच. मूळ क्रिया एक, परंतु तिच्या मागे येणारे लहानसे अव्यय सगळा अर्थ फिरवते. यादी 'विनो डाऊन' केली, म्हणजे ती आटोपशीर केली. अमुक 'फ्रॉम' तमुक, म्हणजे एकापासून दुसरे वेगळे केले. आणि 'विनो आऊट'? इथेच माझा पाय घसरला.

साधारण 2011 ची गोष्ट. आमच्या भागातल्या एका खेड्यातली, बटईने शेती करणाऱ्याची मुलगी माझी विद्यार्थिनी होती. दूरच्या एका संस्थेत प्रवेशासाठी तिला इंग्रजीत शिफारसपत्र हवे होते. मी मोठ्या हौसेने लिहिले. आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धेसाठी चाळीस जणांतून तिची निवड झाली होती, हे सांगताना माझा लाडका शब्द आठवला. चाळीस विद्यार्थ्यांतून ती 'विनोड आऊट' झाली, असे मी लिहिले. मनात मराठी वाक्य होते: चाळिसांतून पाखडून निघालेली मुलगी. पत्रावर सही केली, शिक्का मारला आणि पत्र तिच्या हाती दिले. तिला प्रवेश मिळाला नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्यासाठी तेच वाक्य पुन्हा वापरले. या वेळी इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांनी ते सहज वाचले आणि हसून विचारले, "मॅडम, ही शिफारस आहे की तक्रार?" मग त्यांनी समजावून सांगितले. एखादे सत्य पुराव्याच्या ढिगातून 'विनो आऊट' करता येते. तिथे हाती राहते ते सत्यच. परंतु उमेदवारांच्या यादीविषयी बोलताना 'विनोड आऊट' झालेला माणूस म्हणजे वाऱ्याबरोबर उडालेला. वाचणारा ते वाक्य 'चाळिसांतून हिला वगळण्यात आले' असेच वाचणार.

त्या क्षणी मला आईचे वाक्य आठवले. धान पायापाशीच पडते. उडते ते फोल. 'आऊट' म्हणजे बाहेर, आणि खळ्यावर बाहेर जाते ते काय, हे मी डोळ्यांनी पाहिलेले होते. इंग्रजीच्या शहरी प्राध्यापकाला जे पाठ करावे लागते, ते मला पाहून ठाऊक होते. शब्द लिहिताना मी फक्त त्याची शोभा पाहिली, तो घडतो ती जागा पाहिली नाही.

यात मराठीचा काही दोष होता का, हेही मी तपासून पाहिले. आपल्याकडे या एका कामासाठी निदान तीन क्रियापदे आहेत. वाऱ्यावर करायचे ते उपणणे, हातातल्या सुपाने झटकून करायचे ते पाखडणे, आणि बोटांनी वेचून करायचे ते निवडणे. गंमत अशी की इंग्रजीने वाऱ्याचा शब्द निवडीसाठी घेतला, तर मराठीने बोटांचा. 'पाखडणे' मात्र आपल्या भाषेत निवडीकडे गेलेच नाही. ते रागाकडे गेले. माणूस आग पाखडतो, तेव्हा त्यात धान कुठेच नसते, सगळे अंगावरच येते. म्हणजे 'पाखडून निघालेली मुलगी' हे माझ्या मनातले मराठी वाक्यही फारसे मराठी नव्हते.

आणि 'निवडणे' तरी किती सरळ आहे? तांदूळ निवडताना बोटांत येतो तो खडा, आणि निवडणुकीत बोटाने निवडून येतो तो प्रतिनिधी. या दोन वाक्यांत एकच क्रियापद उलट दिशांना काम करते, आणि आपण एकदाही अडखळत नाही. कारण तांदळाचे ताट आणि मतदानाची खोली यांतला फरक आपल्याला शब्दाच्या आधी ठाऊक असतो. परक्या भाषेत आपल्यापाशी शब्द असतो, ही आधीची माहिती नसते. संदर्भ म्हणतात तो हाच.

राहिला प्रश्न त्या मुलीचा. तिचा प्रवेश त्या वाक्यामुळे हुकला की इतर कारणाने, हे कळायला मार्ग नाही. परंतु पुढे ती भेटली तेव्हा मी तिला सगळे सांगितले आणि क्षमा मागितली. ती आता एका शाळेत शिकवते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तो शब्द मी तेव्हाच डिक्शनरीत पाहिला होता. मलाही शंका आली होती."

"मग विचारले का नाहीस?"

"तुम्ही लिहिलं होतं, मॅडम. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

भाषेची चूक दुरुस्त होते. पत्र पुन्हा लिहिता येते. पण शब्दकोश उघडून बरोबर अर्थ शोधणाऱ्या मुलीला, समोरच्या शिक्षिकेला तो विचारण्याचे धैर्य तीन वर्षांच्या वर्गात मी दिले नव्हते. त्या चाळिसांत मुद्दाम निवडलेली ती, आणि तिचे बरोबर असणे माझ्या सहीसमोर फोलासारखे उडून गेले.

आज अड्याळच्या शिवारात मळणीयंत्र येते. धान, फोल आणि तणस त्याच्या आतच वेगळे होतात. सूप हाती घेऊन वाऱ्याची वाट पाहणारे फारसे कुणी दिसत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना 'उपणणे'सुद्धा आता समजावून सांगावे लागते, आणि बहिणाबाईंच्या 'उपननी'तली वाऱ्याला घातलेली साद कळण्यासाठी फळ्यावर सूप काढून दाखवावे लागते. ते काढताना मी त्यांना माझ्या पत्राची गोष्ट सांगते, नाव न घेता, आणि शेवटी एक नियम घालते: इथे जो माझी चूक दाखवील, त्याला पाच गुण अधिक.

गेल्या वर्षी ते पाच गुण तिघांनी मिळवले. त्यांतल्या एकीने दाखवलेली चूक माझी नव्हतीच, तिचीच होती. तरीही गुण दिले.