लाल डाग

हात थरथरायला लागल्यापासून दोन वर्षं मी स्फटिक उचललेला नाही. शेवटचा उचलायच्या लूपची कड लागून थेंबातच दुभंगला. त्या दिवशी मी मायक्रोस्कोपवरून उठलो, ते थेट नाशिकला घरी आलो.

परवा पुण्याहून जुनी विद्यार्थिनी आली. "सर, तुमचा तो डेटा आहे का अजून?" कपाटातली हार्ड डिस्क काढून दिली. तो डेटा कुणी मागावा, याची मला धास्तीच होती.

न्यूक्लिओटाइडच्या अदलाबदलीने मला आयुष्यभर छळलं. रॅससारखं प्रथिन जीडीपी या न्यूक्लिओटाइडला आपल्या खिशात असं धरून बसतं की आपणहून सुटायला तासन्‌तास लागतात. पेशीत मात्र ते काम झटक्यात होतं. ते सोडवतं कोण, कुठे हात घालून? स्फटिकात आधीचं दिसतं, नंतरचं दिसतं, सुटतानाचं निसटतं. 1998 साली रॅस आणि त्याचं जीडीपी सोडवणारं सॉस यांची जोडरचना आली. सॉसचा हेलिक्स खिशाशी पाचरीसारखा घुसतो, रॅसचा स्विच-एक हा भाग बाजूला सारतो. झालं, मीही माझ्या प्रथिनात खिशाच्या तोंडाशीच शोधत बसलो.

जीडीपी सुटावं म्हणून ईडीटीए घालून मॅग्नेशियम काढलं, त्याच्या जागी तीन फॉस्फेटचं जीएमपीपीएनपी घातलं. इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात गॅमा, म्हणजे तिसऱ्या, फॉस्फेटच्या जागी फुगवटा दिसला. मी तिथे फॉस्फेट बसवलं. बी-फॅक्टर भलताच चढला, फॉस्फेटवर लाल डाग उमटला, म्हणजे तिथे डेटाचा आधार नव्हता, तरी हलवलं नाही. एका परिषदेत ते चित्र मिरवलंसुद्धा. मला ते हवं होतं.

2019 साली आयसर पुण्याच्या पी. गायत्री यांच्या गटाने मिक्सोकॉकस झँथस या सरकत चालणाऱ्या जिवाणूतली जोडी मांडली. रॅससारखं एमजीएल-ए एक, त्याला धरणारी एमजीएल-बी दोन. त्या दोघांपैकी एकाच्या शेपटीकडचा हेलिक्स एमजीएल-एला खिशापासून दूर, बाजूला टेकतो. तिथून टेकून खिसा सैल करतो! तो पेपर मी रात्रभर वाचला. जळलोही. दाराशी ठाण मांडून बसलो होतो, आणि कडी बाजूच्या भिंतीला होती.

हल्लीची मुलं आल्फाफोल्डने भाकीत केलेली प्रथिनाची घडी पाहून समाधान मानतात. घडी सुरेख असते, मान्य. पण लाल डाग पडायला खाली मोजलेला डेटा लागतो. तो नसेल तर तुमचं चुकलंय हे सांगणार कोण?

तिने माझा नकाशा उघडला. मी बोटाने जागा दाखवायला गेलो, बोट पडद्यावर थरथरत राहिलं. तिने काही न विचारता तिसरं फॉस्फेट काढलं, खिशात साधं जीडीपी ठेवलं, फुगवट्यात पाण्याचा एक रेणू बसवला आणि रिफाइनमेंट लावली.

चहा होईतो ती संपली. लाल डाग गेला होता.