त्रुटी एकदाच काढ

कोलशेत, ठाणे

चि. मुग्धास,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, तहसीलच्या खिडकीवर लोक येतानाच भांडायच्या तयारीनं का येतात? मी तर त्यांना पहिल्यांदाच बघते.’ तेवढ्यात तुझी लोकल आली आणि बोलणं तुटलं. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून लिहितो.

त्यांचं भांडण तुझ्या टेबलाशी आहे. त्या टेबलावर आधी बसून गेलेल्यांनी ‘उद्या या’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘हे आमच्याकडे येत नाही’ अशी जी उधारी करून ठेवली, तिची वसुली आता तुझ्याकडून चालली आहे. त्यात जून महिना. निकाल लागलेले, प्रवेशाची तारीख डोक्यावर आणि पोराचा उत्पन्नाचा दाखला अडकलेला. अशा बापानं तुझ्याशी गोड बोलावं, ही अपेक्षा तू सोडून दे.

इथे सोसायटीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी सरकारी नोकरांचा उद्धार होतो. मी महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो हे सर्वांना ठाऊक असल्यानं माझ्यासमोर तो जरा जास्तच रंगतो. कोलशेत रोडवरच्या जुन्या रासायनिक कारखान्यांतून निवृत्त झालेले दोघे-तिघे आमच्यात आहेत. कारखान्यांच्या जागी आता टॉवर उभे राहिले, पण भोंगा वाजायच्या आत गेटवर कार्ड पंच करायची सवय त्यांच्या अंगातून गेलेली नाही. सकाळी अकरा वाजता रिकामी खुर्ची बघून त्यांना येणारा संताप मला पटतो. शासनानं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा दिला, तो पावणेदहा ते सव्वासहा बसायच्या बोलीवर. शनिवार सगळ्यांनी घेतला. पावणेदहा किती जणांनी घेतले, हे तुला रोज दिसत असेलच.

गाडी ‘सगळं खाजगी करून टाका’वर आली की मात्र माझं जमत नाही. मग एमटीएनएलचं उदाहरण निघतं. एके काळी बंद फोन चालू करून घ्यायला लाइनमनची मनधरणी करावी लागे. मोबाइल आले, गिऱ्हाइकाला दुसरं दार सापडलं आणि ते निघून गेलं. ३१ जानेवारी २०२० ला त्या कंपनीचे चौदा हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात घरी गेले. ‘माज उतरला,’ असा कट्ट्याचा निकाल. पण २०१० साली लिलावाच्या भावानं स्पेक्ट्रमचे पैसे भरायला कंपनीला हजारो कोटींचं कर्ज काढावं लागलं, ते लाइनमननं काढलं नव्हतं. ते राहू दे. तुझ्या कामाचा मुद्दा एवढाच, की फोनला दुसरी कंपनी मिळाली, उत्पन्नाच्या दाखल्याला दुसरं तहसील कार्यालय मिळत नाही. खिडकीपलीकडचा माणूस चिडून जाणार कुठे? तो परत तुझ्याकडेच येणार, हे आपल्या लोकांना पक्कं माहीत असतं.

आता आतली गोष्ट सांगतो, कारण ती कट्ट्यावर कुणाला पटत नाही. माणूस नोकरीला लागताना कामचुकार नसतो. पहिल्या महिन्यात तो टेबल स्वच्छ करतो. बक्षीस काय, तर शेजारच्या टेबलाचे गठ्ठे त्याच्याकडे सरकतात. जो काम करतो त्यालाच काम. शेजारी चहाला जातो आणि १ जुलैची वेतनवाढ दोघांनाही सारखीच मिळते. दुसरं कारण याहून वाईट. निर्णय घेतला आणि चुकला, तर विभागीय चौकशी. निर्णय घेतलाच नाही, म्हणून चौकशी झालेला माणूस माझ्या अख्ख्या नोकरीत मी पाहिला नाही. साहेबही त्याच शाळेतले; टिपणी वर गेली की कोपऱ्यात ‘चर्चा करावी’ असा शेरा येतो आणि चर्चेला साहेब भेटत नाहीत. चार-पाच वर्षांत हुशार मुलगाही शिकतो की सगळ्यात सुरक्षित काम म्हणजे त्रुटी काढणं.

त्रुटी हे आपल्या खात्यातलं सर्वांत धारदार हत्यार आहे, मुग्धा. बदल्यांचा आणि दिरंगाईचा २००५ चा कायदा तू परीक्षेसाठी पाठ केला असशील. अण्णा हजारे यांनी ज्यासाठी आंदोलनं केली, तो. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात आहे. मग सहाव्या दिवशी काय होतं? ‘रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट’ असा शेरा मारून अर्ज परत. फाइल कुणाकडेच पडून नाही, कायदा पाळला गेला. प्रत आणली की ‘स्वयंघोषणापत्र नाही’. ते आणलं की ‘वीजबिल तीन महिन्यांच्या आतलं हवं’. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत घातली, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस दिले, उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला, वर अपिलांच्या तीन पायऱ्या दिल्या. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्जापासून. अर्ज परिपूर्ण होऊच दिला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही! प्रवेशाची तारीख टळून गेलेला बाप काय अपिलात जाणार?

तुझ्या कार्यालयातली माणसं मुळात वाईट आहेत, असं मी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापुरात शिरलं, तेव्हा महसूलचीच माणसं गुडघाभर चिखलात पंचनामे करत फिरत होती. सुटीचा विषय कुणी काढला नाही. गाव डोळ्यांसमोर उभा होता आणि आज किती घरं झाली, हे रोज वर विचारलं जात होतं. दुसरं उदाहरण वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राचं. तिथे पहिल्या खिडकीवर खाजगी कंपनीची मुलं असतात, कागद तपासणारे आणि पासपोर्ट मंजूर करणारे मात्र सरकारी. आपल्यासारखेच भत्ते आणि रजा मोजणारे. पण टोकन कुठल्या खिडकीवर किती मिनिटं थांबलं, याची नोंद होत असते. तिथे तेच लोक भराभर काम उरकतात. तुमच्याकडे अशी नोंद नाही. वर पदं रिकामी, एका माणसाकडे दोन टेबलं, मधेच निवडणुकीचं काम, सर्व्हर बंद. हे सगळं खरं आहे, आणि समोरच्या माणसाला ते सांगून काही उपयोग नाही, हेही खरं आहे.

व्यवस्था तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात त्रुटी आहे. म्हणून एवढंच मागतो: त्रुटी एकदाच काढ, सगळ्या काढ आणि लेखी दे. अर्ज हातात घेतल्यावर तिथल्या तिथे शेवटच्या पानापर्यंत वाच. जे कमी आहे ते सगळं एका कागदावर लिहून, खाली सही आणि तारीख टाकून त्याच्या हातात ठेव. एकदा लिहून दिलं की पुढच्या खेपेला नवी त्रुटी काढायची वाट तुझी तुलाच बंद होते. ती बंद व्हावी, म्हणून तर लेखी. कागद अर्जाला खरंच लागतो की केवळ ‘आमच्याकडे घेतात’ म्हणून मागितला जातो, तेही सेवांच्या यादीत बघून घे. त्या वीजबिलाबद्दल तर मला दाट शंका आहे.

पोच मागितली की कपाळाला आठी घालू नकोस. आपल्याकडे पोच मागणाऱ्याला वकिली करणारा समजतात. पोच देणं कायद्यानं तुझं काम आहे आणि उद्या फाइल हरवल्याचा आळ आला तर तोच कागद तुलाही वाचवेल.

याचा त्रास होईल. तुझ्या टेबलापुढे रांग वाढेल, कारण तिकडे काम होतं ही बातमी बाहेरच्या चहाच्या टपरीवरून लगेच पसरते. शेजारचे टोमणे मारतील, ‘मॅडम नवीन आहेत’. वर्षभर नवीन राहिलीस तरी चालेल. गठ्ठे सरकायला लागले तर तोंडी भांडू नकोस. आवक-जावक नोंदवहीत नोंद करूनच घे, कुणाच्या टेबलावरून कोणत्या तारखेला आले ते लिही. तारखेला आपल्याकडे सगळे भितात.

त्रुटीच्या कागदाचा एक नमुना मी जुन्या सवयीनं हातानं लिहून सोबत ठेवला आहे. टाइप करून घे आणि छापून घेण्याआधी साहेबांची तोंडी परवानगी काढ. टिपणी मात्र ठेवू नकोस, नाहीतर ‘चर्चा करावी’ येईल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा