पाण्यातून आलेला कॅमेरा

पाण्यात पडलेला कॅमेरा माझ्या टेबलावर येतो तो बहुधा तांदळासकट. कुणी डब्यात घालून आणतो, कुणी पिशवीत. एका गृहस्थांनी तर चांगल्या आजरा घनसाळमध्ये पुरून आणला होता. दुकानभर वास सुटला. मग मी आधी माउंटच्या फटीतले दाणे चिमट्यानं काढतो, बॅटरीच्या खणातली पिठूळ भुकटी ब्रशनं झाडतो आणि कामाला लागतो. तांदूळ भवतालच्या हवेतली थोडी ओल घेत असेल. पण कॅमेऱ्याच्या पोटात, पत्र्याच्या झाकणाखाली, चिपच्या बुडाशी अडकलेल्या थेंबापर्यंत त्याचा हात पोचत नाही. आणि कॅमेरा वाचवायचा तर हेच तांदळात गेलेले दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे असतात.

"होईल का ओ हा?" हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न. त्याआधी माझे तीन असतात. पाणी कुठलं होतं? बॅटरी कधी काढली? मधे चालू करून बघितला का? पहिल्या दोहोंची उत्तरं नीट मिळतात. तिसऱ्याला सगळेच "छे, छे" म्हणतात. कॅमेरा खोलला की खरं काय ते बोर्डावर दिसतं.

दिसतं ते असं. डीएसएलआरची बॅटरी साधारण सात व्होल्टची. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, पण नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यात क्षार असतात आणि त्यांतून ती वाहते. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, आम्ही ज्यांना ट्रॅक म्हणतो, त्यांतली धन बाजूची रेघ पाण्यात विरघळू लागते. तेच तांबं ऋण बाजूला जाऊन साठतं, नेच्याच्या पानासारखं फाटे फोडत वाढतं, आणि ज्या दोन रेघांचा एकमेकींशी संबंध नसावा त्यांना जोडून टाकतं. नुसतं भिजून ओला राहिलेला बोर्ड पुष्कळदा वाचतो. ओला असताना वीज मिळालेला बोर्ड तासाभरात हातचा जाऊ शकतो. म्हणून "चालतोय का बघू" म्हणून दाबलेलं बटण पाण्यापेक्षा जास्त नुकसान करतं.

यात आणखी एक गोम आहे. कॅमेरा स्विचनं बंद केला म्हणजे वीज थांबली असं होत नाही. बॅटरीपासून पॉवरच्या चिपपर्यंतची वाट जिवंतच असते. म्हणून पाण्यातून काढल्यावर पुसत बसू नका, आधी बॅटरी ओढा, मग कार्ड. शिवाय बऱ्याच मॉडेलांत तारीख-वेळ सांभाळायला आत एक बारकी बॅटरी बोर्डालाच डकवलेली असते. तिची ताकद कमी, पण ती घरी काढता येत नाही. त्यासाठी कॅमेरा लवकर खोलावा लागतो. आणि घरी खोलण्याचा मोह होत असेल तर फ्लॅशचा कपॅसिटर आठवा. तो तीनशे व्होल्टच्या आसपास भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. आमच्या धंद्यात त्याचा झटका न खाल्लेला माणूस मी पाहिलेला नाही.

पाणी कुठलं, हे विचारतो कारण निम्मा निकाल तिथंच लागतो. पावसाचं पाणी सगळ्यात सौम्य. वारीत भिजलेले किंवा राधानगरीच्या जंगलात सरींत सापडलेले कॅमेरे बहुतेक सुधारतात. चहा, उसाचा रस, शहाळ्याचं पाणी यांत साखर असते; बटणं चिकटतात, चाकं अडतात, पण वेळेत धुतलं तर बोर्ड निभावतो. रंगपंचमीचं पाणी वाईट, कारण बारीक रंग शटरच्या पात्यांत जाऊन बसतो.

आणि समुद्र. तारकर्लीला, गणपतीपुळ्याला लग्नाआधीचं शूटिंग करायला गेलेली पोरं लाटेत कॅमेरा घालून येतात, तेव्हा माझा चेहरा आधीच पडलेला असतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं आणि नळाच्या पाण्याच्या शंभर पटीनं किंवा त्याहून जास्त वीज त्यातून वाहते. पण मिठाचा खरा त्रास पाणी सुकल्यावर सुरू होतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतात, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कमी ओलीतही पाणी ओढतात. म्हणजे जानेवारीत मिठासकट वाळवलेला कॅमेरा कोल्हापूरच्या कोरड्या हवेत मेपर्यंत बिनतक्रार चालतो आणि जूनमध्ये पाऊस लागला की आत पुन्हा ओला होतो. मालक म्हणतो, "पावसात नेलाच न्हाई की ओ, कपाटात हुता." खरंच कपाटात असतो. मीठही त्याच्याबरोबर कपाटात असतं.

म्हणून कॅमेरा समुद्रात पूर्ण बुडाला असेल तर बॅटरी आणि कार्ड काढून तो लगेच गोड्या पाण्यात बुडवून धुवा, असं मी फोनवर सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं याचं डोकं फिरलंय. पाण्याखालच्या निकोनोस कॅमेऱ्यांची रबरी कडी दगा देऊन आत समुद्र शिरला, तर त्यांचे वापरणारेही हेच करत: आधी मीठ धुवा, मग पाण्याची चिंता. नुसते शिंतोडे उडाले असतील तर मात्र बुडवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. हेअर ड्रायर दोन्ही वेळी नको. त्याची गरम हवा थेंब आणखी आत ढकलते आणि डिंकानं बसवलेले भाग सैल करते. जुने कारागीर लाकडी पेटीत मिणमिणता बल्ब लावून वाळवत; माझ्याकडे अजून तशी एक पेटी आहे. पण ती धुतल्यानंतरची पायरी आहे.

उरलं पुराचं पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, दुधाळीत, सुतारवाड्यात पाणी घुसलं ते तासाभरानं उतरणारं नव्हतं, दिवसच्या दिवस राहिलं. स्टुडिओवाल्यांचा अंदाज चुकला, कारण आधीच्या पुरांच्या हिशेबानं त्यांनी सामान वरच्या फळीवर ठेवलं होतं आणि पाणी त्या फळीच्याही वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पूर ओसरल्यावर माझ्या दुकानात जे आलं ते ओळखू येत नव्हतं. पुराच्या पाण्यात गटार असतं, डिझेल असतं, शेतातली खतं असतात आणि गाळ असतो. गाळ सुकला की मातीचा थर टणक होतो आणि लेन्सची कडी फिरत नाही. मॅग्नेशियमच्या बॉडीवर पांढरी भुकटी धरलेली, कनेक्टरांवर हिरवा थर, प्रिझमचा चकाकता लेप सुटलेला. त्यांतल्या बहुतेक बॉड्यांना मी खोलूनही पाहिलं नाही. लोकांना वाटलं, हा आळस करतोय. पण खोलण्याची मजुरी घ्यायची, चार दिवस लावायचे आणि मग "नाही होत" म्हणायचं, हे घर वाहून गेलेल्या माणसाशी करायला नको. काही लेन्स मात्र वाचल्या. जुन्या, हातानं फोकस करायच्या, आत एकही तार नसलेल्या. त्या पूर्ण सोडवायच्या, एकेक भिंग धुवायचं, आट्यांचं जुनं ग्रीस काढून नवं भरायचं. स्टॅबिलायझर आणि मोटर असलेल्या झूम लेन्सचं हे होत नाही. किट लेन्सचं तर नकोच. दुरुस्तीच्या पैशात दुसरी जुनी मिळते.

इथं पैशाचा विषय येतोच. लोक दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी करतात. नवा लाखाचा, दुरुस्ती तीस हजारांची, म्हणजे सत्तर वाचले, असं त्यांना वाटतं. तुलना करायची ती त्याच मॉडेलच्या, तेवढ्याच वापरलेल्या, कोरड्या कॅमेऱ्याशी. तो ४०,००० ला मिळत असेल तर ३०,००० घालून भिजलेला दुरुस्त करण्यात काय अर्थ? माझा ठोकताळा असा की जुन्याच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा खर्च पुढं जात असेल तर थांबावं. शटर गेलं असेल तर बदलता येतं. पडदा, बटणं, कार्डाचा खण, फ्लेक्सच्या पट्ट्या, हे सगळं डोनर बॉडीतून, म्हणजे सुट्या भागांसाठी फोडलेल्या कॅमेऱ्यातून, निघतं. बोर्ड आणि सेन्सर दोन्ही गेले असतील तर विषय संपला. नुसत्या सेन्सरवरच्या काचांच्या थरांत पाणी शिरून डाग पडला असेल तरी अख्खा सेन्सर बदलावा लागतो, आणि बदलल्यावर तो लेन्सच्या माउंटशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांपर्यंत समांतर बसवावा लागतो. ते काम टेबलावरच्या दिव्याखाली अंदाजानं होत नाही, कुणी होतं म्हणालं तरी.

पण पैशाचं गणित सुटलं म्हणून निकाल लागत नाही. धुऊन, वाळवून, कनेक्टर साफ करून कॅमेरा चालू झाला, फोटो आला, मालकाचा जीव भांड्यात पडला, तरी माझं काम संपत नाही. खाल्ले गेलेले ट्रॅक बारीक झालेले असतात, कनेक्टरांवरचा सोन्याचा मुलामा उडालेला असतो, चिपखालचे डाख मला दिसत नाहीत. असा कॅमेरा महिनाभर चालेल, दोन वर्षं चालेल, नाहीतर एखाद्या दमट दिवशी एरर दाखवून थांबेल आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असा पुन्हा चालेल. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण मेलेला कॅमेरा निदान घरी राहतो.

म्हणून एकाच मॉडेलच्या, एकाच ओढ्यात पडलेल्या दोन कॅमेऱ्यांचा निकाल मी वेगळा देतो. कळंबा तलावावर सकाळी पक्षी टिपायला जाणाऱ्या निवृत्त बाईंना मी म्हणतो, "करून घ्या मॅडम. बंद पडला तर बगळा उद्याही येईल." लग्नाची कामं घेणाऱ्या पोराला तेच सांगत नाही. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तेव्हा कॅमेरा अडला तर नवरदेवाला "परत एकदा घ्या" म्हणता येत नाही. "मेन बॉडी दुसरी घे," त्याला सांगतो, "ही हळदीला, साखरपुड्याला, दुसऱ्या माणसाच्या हातात दे." तो हिरमुसतो, कारण दुरुस्तीचा खर्च त्याला परवडतो आणि नव्याचा नाही. त्याची अडचण खरी आहे. तरी माझं उत्तर बदलत नाही, आणि पावतीवर "पाण्यातून आलेला, गॅरंटी नाही" हे लिहिल्याशिवाय कॅमेरा हातात देत नाही.

पूर्वी हा घोळ कमी होता. निकॉन एफएम२ सारख्या कॅमेऱ्यात बॅटरी फक्त मीटरसाठी. शटर स्प्रिंगवर चालतं. तो भिजला तर सोडवा, धुवा, तेलाचा थेंब द्या, शटरचा वेग तपासा, आणि चालला की चालला. आत काय बिघडलंय ते डोळ्यांनी दिसायचं. हल्लीच्या बॉडीत ते दिसत नाही. मात्र त्या काळाबद्दल फार हळहळण्यातही अर्थ नाही. तेव्हा पाणी शिरलं की आतला रोल जायचा, आणि तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यापेक्षा मोलाचा असे.

अर्थात तिथंही अपवाद घडले. आंद्रे या स्वीडिश माणसाची बलून मोहीम १८९७ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघाली आणि नाहीशी झाली. १९३० मध्ये एका बेटावर बर्फात त्यांचं सामान सापडलं, त्यात मोहिमेतल्या निल्स स्ट्रिंडबर्गनं काढलेल्या फिल्म होत्या. जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या स्टॉकहोममध्ये धुतल्या आणि २४० पैकी ९३ चित्रं वाचली, तेहेतीस वर्षांनी. मेमरी कार्डाचं नशीब त्या मानानं बरं. कार्डात फिरणारं काही नसतं. गोड्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवलं तर पुष्कळदा सगळे फोटो सापडतात. पूरग्रस्त स्टुडिओवाल्यांना मी बॉडी राहू द्या, कार्डं आणा म्हणत होतो ते याचसाठी. ओली बॅटरी मात्र वाळली तरी चार्जरला लावू नका, टाकून द्या.

विमा असेल तर पॉलिसीत पाण्याचं नुकसान धरलंय का ते वाचा आणि सर्व्हेअर येईपर्यंत कॅमेरा खोलू देऊ नका. फोटो काढून ठेवा, बॅटरी तेवढी काढा. वॉरंटीवर भिस्त ठेवू नका. बॉडी पावसाला टिकते असं जाहिरातीत असलं तरी आत पाणी गेल्यावर वॉरंटी सहसा लागू होत नाही.

आणि जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी एक. पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी बाजारात स्वस्त बॉड्या दिसू लागतात, घासूनपुसून चकचकीत केलेल्या. घेताना ट्रायपॉडच्या भोकाभोवतीचे स्क्रू भिंगातून बघा, तिथं गंज आधी धरतो. हॉट शूच्या पट्टीखाली, बॅटरीच्या खणातल्या पट्ट्यांवर हिरवट काही आहे का बघा. व्ह्यूफाइंडरमधून पांढऱ्या भिंतीकडे बघा. प्रिझममध्ये पाणी वाळल्याची कड असेल तर ती पुसता येत नाही. बॅटरीचं झाकण उघडून वास घ्या. आणि विकणारा म्हणाला, "कॅमेरा घरातच हुता, भायेर काढलाच न्हाई," तर गल्ली कुठली ते विचारा. कोल्हापुरात त्या गल्लीत पाणी किती फूट होतं, हे कुणीही सांगेल.