घाटाला पुरणारे इंजिन

जुन्या पिकअपचे थकलेले इंजिन उतरवून तिच्यात मोठे इंजिन का बसवतात, हे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मनोरच्या सखल भागातून निघालेली गाडी विक्रमगड मागे टाकते आणि चढाला लागते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे. पुढे मोखाडा ओलांडून, तोरंगणचा घाट चढून त्र्यंबकेश्वर गाठेपर्यंत उंची ७०० मीटरच्या वर जाते. हौद्यात कधी भाताची पोती असतात, कधी नागली, कधी मोगऱ्याच्या करंड्या. दिवाळी सरली की वीटभट्टीवर निघालेली अख्खी बिऱ्हाडे असतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि त्यांच्या मधोमध लेकरे. एवढ्या ओझ्याने जुनी गाडी वळणावर दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येते, काळा धूर ओकते, तापमानाचा काटा लालकडे सरकतो. ‘गाडी ओढत नाही’ हे चालकाचे तीन शब्द इथे पुरेसे असतात.

न ओढणारी प्रत्येक गाडी मात्र लहान इंजिनाची नसते. नोझल टपकत असतील, पंपाचे टायमिंग सरकले असेल, रिंगा झिजल्या असतील, एअर फिल्टर धुळीने गच्च झाला असेल किंवा क्लच घसरत असेल, तरी लक्षण तेच दिसते. चांगला मिस्त्री आधी एवढे तपासतो, कारण आजारी इंजिन बरे करणे हे नवे बसवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

तरीही बदलायचेच ठरले, तर निवड आकड्यांपाशी येते, आणि या भागात ते आकडे महिंद्राच्या दोन घराण्यांचे आहेत. फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने बनलेले एक्सडीपी ४.९० हे इंजिन २,११२ घन सेंटिमीटरचे. मोखाड्याच्या डोंगरांपलीकडे इगतपुरीला कंपनीचा इंजिनांचा कारखाना उभा राहिला, तो याच प्यूजो इंजिनांसाठी. दुसरे एमडीआय, २,५२३ घन सेंटिमीटरचे, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या वंशातले. पहिल्याचा बोअर ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक ८३. दुसऱ्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. बोअर जवळपास सारखाच, किंचित कमीच. वाढ झाली ती स्ट्रोकमध्ये. पिस्टन जास्त लांब उतरतो, क्रँकची भुजा मोठी होते आणि कमी फेऱ्यांवरच भरघोस ओढ मिळते. शेतात नांगर ओढणाऱ्या घराण्याचा हा गुण घाटात नेमका कामी येतो. प्यूजो गुणगुणत फेऱ्या घेते, एमडीआय ठोके देत चढते. कान तयार असलेल्या माणसाला बॉनेट न उघडताही दोन्ही ओळखू येतात.

उतरवणे-चढवणे हे त्यामानाने सोपे काम. बॉनेट आणि रेडिएटर काढून, चेनब्लॉकला साखळी अडकवून इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवले जाते. खरी कसोटी पुढे लागते. नव्या इंजिनाचे पाय चॅसिसवरच्या जुन्या ब्रॅकेटवर बसत नाहीत. नवे ब्रॅकेट वेल्ड करताना काही मिलिमीटर चुकले, तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट वाकड्या रेषेत फिरतो आणि बेअरिंग खातो. बेलहाउसिंग जुळत नसेल तर लेथवर जोडपट्टी घडवून घ्यावी लागते. ऑइल सम्प पुढच्या एक्सलला घासत नाही ना, हे गाडी रिकामी असताना कळत नाही. पाटे दबेपर्यंत वजन टाकूनच पाहावे लागते.

वाढलेली ओढ मग मागे मागे सरकत प्रत्येक भागाला गाठते. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट त्या ताकदीच्या हव्यात. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि क्राउन-पिनियन जुनेच राहिले, तर भरल्या गाडीने चढावर क्लच झटक्यात सोडताच तुटतात. कमी फेऱ्यांचे इंजिन जुन्या क्राउन-पिनियनला जोडले की गाडी चढते भक्कम, पण सपाटीवर लवकर दमते. जास्त इंधन जाळणारे इंजिन जास्त तापते, म्हणून रेडिएटरही मोठा लागतो.

सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे ते ब्रेककडे, आणि नेमके तिथेच हात आखडला जातो. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम त्यात आपोआप तयार होत नाही. तो अल्टरनेटरच्या पाठीवरचा छोटा पंप तयार करतो. इंजिन बदलताना हा पंप किंवा त्याची नळी ढिली राहिली, तर पेडल दगडासारखे होते. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्याचेही हेच होते: साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पुढचे वळण तसेच येते. मागे माणसे बसलेली असताना हा जुगार कोणी खेळू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावे, मोठ्या इंजिनाचा रोध तिथे ब्रेकचा भार घेतो. गाडी जोरात चढू लागली म्हणून हौद्यात जास्त माल भरणेही चूकच. चॅसिस, पाटे आणि ब्रेक यांची क्षमता इंजिनासोबत वाढलेली नसते.

शेवटी कागद. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, त्यामुळे जुन्या पिकअपवर अजून एमएच-०४ ची पाटी दिसते. पाटी कोणतीही असो, नोंदणीपत्रावर इंजिन क्रमांक आणि घनक्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. म्हणून त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने बसवणे हा सरळ मार्ग. उत्पादकाने त्या मॉडेलला कधी दिलेच नाही असे इंजिन घालायचा विचार असेल, तर साखळी अडकवण्याआधीच त्या कार्यालयात विचारून घ्यावे. मंजुरी मिळून काम झाले की नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रावर चढवून घ्यावा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.