जागचा न हलणारा चेंडू

साठी उलटलेल्या माणसानें नवी विद्या शिकूं नये, जुन्याच विद्येची उजळणी करावी, असें आमच्या काकूंचें मत आहे. स्वतः काकू चौऱ्यांशी वर्षांच्या असून गेल्याच वर्षीं त्या मोबाइलवर पत्ते खेळावयास शिकल्या, ही गोष्ट त्या सोयिस्करपणें विसरतात. तेव्हां मीं गोल्फ शिकण्याचा मनोदय जाहीर केला, त्या रात्रीं पंगतींत माझी जी संभावना झाली तिची कल्पना वाचकांना येईलच. "चेंडू आपणच दूर मारायचा, मग आपणच त्याला शोधीत जायचें, आणि सांपडला कीं पुन्हां दूर मारायचा! ह्याला खेळ म्हणतात होय?" काकूंनीं विचारलें. सौ. नें मात्र उदारपणें सांगितलें, "आठवड्यांतून दोन दिवस चार-चार तास घराबाहेर राहणार असतील, तर जाऊं द्या त्यांना."

सदाशिव पेठेंतला आमचा वाडा पाडून तेथें इमारत झाली त्याला आतां बरींच वर्षें झालीं. पण दादांचें आणि माझें बिऱ्हाड अजून एकत्र आहे, चूलहि एकच आहे. अशा घरांत कोणतीहि गोष्ट खाजगी राहत नाहीं. चौतीस वर्षें महाविद्यालयांत गणित शिकवून मी निवृत्त झालों, डॉक्टरांनीं चालण्याचा सल्ला दिला, आणि नोकरीनिमित्त गोल्फ खेळणारा माझा पुतण्या मला येरवड्याकडच्या मैदानावर घेऊन गेला. एवढीच खरी ह्या प्रकरणाची सुरवात. खेळाची ओळख मात्र त्यापूर्वींची होती. २०२१ च्या ऑगस्टमध्यें टोकिओच्या ऑलिंपिक सामन्यांत बंगळूरची अदिती अशोक चौथी आली, त्या सकाळीं आमचें सारें कुटुंब टीव्हीसमोर बसलें होतें. तिच्या क्लबांची पिशवी तिची आईच वाहत होती, हें पाहून काकूंचेंहि मत घटकाभर पालटलें होतें.

कोणत्याहि कार्याचा आरंभ पुस्तकानें करावयाचा, ही माझी जुनी खोड. स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें १४५७ सालीं ह्या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागें लागले होते. कलकत्त्यास १८२९ सालीं स्थापन झालेला क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना होय. चेंडू ज्यांत जावयाचा तें भोंक सव्वाचार इंच व्यासाचें असतें. हें सर्व मीं पाठ केलें. बेन होगन ह्या अमेरिकन खेळाडूचें १९५७ सालचें पांच धड्यांचें पुस्तक तर मीं पेन्सिलीनें खुणा करून वाचलें. पुस्तक मिटतांना मला वाटलें कीं निम्मी विद्या हस्तगत झाली.

ती निम्मी विद्या पहिल्या पांच मिनिटांत मातींत गेली. आमचे मास्तर वयानें माझ्या मुलाहून लहान. पोरवयांत ह्याच मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहतां वाहतां ते खेळ शिकले. "काका, आधीं एक चेंडू मारून दाखवा," ते म्हणाले. मीं सर्व बळ एकवटून क्लब फिरविला. चेंडू जागचा हलला नाहीं. दुसऱ्या खेपेस गवताचा वीतभर तुकडा उडाला आणि चेंडू दोन हात घरंगळला. तिसऱ्या खेपेस तो उडाला खरा. पण समोरच्या खुणेकडे जाण्याऐवजीं, कोणीं हांक मारल्यासारखा, उजवीकडे वळत वळत कुंपणापाशीं जाऊन पडला.

लहानपणीं विटीदांडूंत मी कच्चा नव्हतों. हवेंत उडालेल्या विटीला टोला देणारा हात जमिनीवर स्वस्थ बसलेल्या चेंडूला लागूं नये, ह्याचें मला मोठें नवल वाटलें. मग ध्यानांत आलें कीं ह्या खेळाची सारी अडचण त्या स्वस्थपणांतच आहे. क्रिकेटांत त्रिफळा उडाला तर गोलंदाजाची तारीफ करून मोकळें होतां येतें. येथें चेंडू कोणी टाकीत नाहीं, कोणी अडवीत नाहीं, घाई कोणी करीत नाहीं. जें कांहीं वांकडें होतें, तें सर्वस्वीं आपलें असतें.

चेंडू उजवीकडे वळण्याच्या ह्या दोषाला स्लाइस म्हणतात, आणि नवशिक्यांपैकीं बहुतेकांना तो जडतो. त्याचें शास्त्र मोठें मनोरंजक आहे. क्लब आणि चेंडू यांची गांठ सेकंदाच्या सुमारें दोन-हजाराव्या भागापुरतीच पडते. त्या निमिषांत क्लबाचें तोंड जिकडे असेल, बहुतांशीं तिकडेच चेंडू निघतो. परंतु तोंडाची दिशा आणि क्लब ज्या वाटेनें येतो ती दिशा यांत अंतर पडलें, कीं चेंडूला गिरकी मिळते आणि तो वांकतो. माझा क्लब बाहेरून आंत, म्हणजे उजवीकडून डावीकडे, कापीत येत होता, आणि तोंड मात्र उजवीकडे उघडें राहत होतें.

मास्तरांनीं मला एक प्रश्न विचारला. "काका, मारतांना तुमच्या मनांत काय असतें?" मी म्हणालों, "एवढेंच, कीं चेंडू उजवीकडे जातां कामा नये." मास्तर हंसले. "म्हणून तुम्ही क्लब डावीकडे ओढतां. जितका डावीकडे ओढाल, तितकी गिरकी जास्त. गिरकी जास्त, तितका चेंडू उजवीकडे. मग तुम्ही आणखी डावीकडे ओढतां." चौतीस वर्षें गणित शिकविलेल्या मला हें साधें चक्र दिसलें नव्हतें. दोष निवारण्यासाठीं मी जो उपाय करीत होतों, त्यानेंच दोष पोसला जात होता.

मग खरे धडे सुरू झाले. डावा हात क्लबावर किंचित् उजवीकडे वळवून धरावयाचा, म्हणजे वरून पाहतां त्याचीं दोन पेरें दिसावींत. पकड कशी? तर हातांत टूथपेस्टची उघडी नळी आहे आणि पेस्ट बाहेर येतां कामा नये, अशी. खालीं येतांना आधीं कंबर वळली पाहिजे. खांदे आणि हात मागून येतील. चेंडूच्या पलीकडे चार बोटांवर मास्तर एक रिकामा खोका ठेवीत. क्लब बाहेरून आला कीं खोका उडे. पहिल्या आठवड्यांत मीं असे तीन खोके फोडले. आणखी एक उलटी गोष्ट अशी, कीं चेंडू वर उडावा म्हणून त्याला खालून उचलावयाचें नसतें. लोखंडी क्लबाचें तोंड मुळांतच मागें झुकलेलें असतें. आपण खालीं मारावें, वर नेण्याचें काम तें करतें. हें समजण्यास मला एक मिनिट लागलें, आणि अंगवळणीं पडण्यास तीन महिने.

दुसऱ्या महिन्यांत माझा खेळ पहिल्याहून वाईट झाला. जुनी संवय मोडली होती, नवी जडली नव्हती. मी चिडून एका बैठकीस शंभर-शंभर चेंडू बडवूं लागलों. घरीं आल्यावर खांदा शेकीत बसलों असतां वहिनींनीं विचारलें, "भावजी, तुम्ही शंभर चेंडू मारतां, कीं एकच चूक शंभर वेळां घोटतां?" वहिनी चाळीस वर्षें गाणें शिकवितात. त्या म्हणाल्या, "पलटा बेसूर होऊं लागला कीं आम्ही लय कमी करतों, आवाज वाढवीत नाहीं." दुसऱ्या दिवशीं मास्तरांना हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "त्या गोल्फ खेळतात कां?" त्या दिवसापासून मी वीसच चेंडू मारूं लागलों, तेहि निम्म्या जोरानें. क्लब वर नेतांना मनाशीं तीन अंक मोजावयाचे, खालीं आणतांना एक. चांगल्या खेळाडूंच्या हालचालींत हेंच प्रमाण सुमारें आढळतें, असें म्हणतात.

आतां जी गोष्ट सांगावयाची आहे ती मैदानावरची नाहीं, घरांतली आहे; आणि ती सांगतांना मला थोडा संकोच वाटतो.

माझा नातू दहा वर्षांचा. त्याला अपूर्णांक शिकविण्याचें काम मीं हौसेनें पत्करलें होतें. तो एक-द्वितीयांश आणि एक-तृतीयांश यांची बेरीज दोन-पंचमांश अशी लिही. वरचे अंक मिळवी, खालचे मिळवी, आणि निश्चिंत होई. मीं रीत सांगितली, पुन्हां सांगितली, मग आवाज चढविला. एका संध्याकाळीं तेंच उत्तर पाहून मीं वही भिरकावली. मुलगा रडला नाहीं. त्यानें वही उचलली आणि तो आंत निघून गेला. थोड्या वेळानें सूनबाई बाहेर आल्या. "बाबा, उद्यांपासून त्याला मीच शिकवीन," त्या शांतपणें म्हणाल्या, आणि जातां जातां इतकेंच पुटपुटल्या, "ह्यांनाहि लहानपणीं तुम्हींच शिकवलं होतंत ना?"

तें वाक्य मला झोंबलें. माझ्या मुलानें दहावीनंतर गणित सोडलें. गणिताच्या प्राध्यापकाचा मुलगा गणित कां सोडतो, हें मीं त्याला कधीं विचारलें नाहीं; त्यानेंहि सांगितलें नाहीं. मी त्याला आळशी समजत आलों.

पुढच्या रविवारीं काकूंच्या सांगण्यावरून नातू माझ्याबरोबर मैदानावर आला. तो बाकावर बसून पाहत होता. पहिला चेंडू सरळ गेला, दुसरा कुंपणाकडे. मग तिसरा कुंपणाकडे, चौथा सरळ, पांचवा पुन्हां कुंपणाकडे. प्रत्येक वेळीं मास्तर तितक्याच शांतपणें म्हणत, "हरकत नाहीं काका, पुन्हां." नातू एकाएकीं ओरडला, "आजोबा, आधीं दोनांत एक सरळ गेला, मग तीनांत एक. म्हणजे पांचांत दोन!"

क्लब माझ्या हातांतच राहिला. दोनांत एक, तीनांत एक, मिळून पांचांत दोन! हिशेब अगदीं बरोबर होता. मुलगा महिनाभर वहींत जें लिहीत होता, तें अडाणीपणानें लिहीत नव्हता. तो एका वेगळ्या प्रश्नाचें बरोबर उत्तर देत होता. चौतीस वर्षांत तीच चूक मीं किती वह्यांवर तांबड्या शाईनें खोडली असेल! ती कोठून येते, हें मीं एकालाहि विचारलें नव्हतें. मास्तरांनीं मला पहिल्याच आठवड्यांत विचारलें होतें.

परततांना नातवानें हळूच विचारलें, "आजोबा, तुम्ही इतके चुकतां, तर ते तुम्हांला रागावत नाहींत?" मी म्हणालों, "नाहीं रे." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं, आणि मला तें फार लागलें.

त्या रात्रीं सूनबाईंची परवानगी घेऊन मी त्याच्याजवळ बसलों. "वही भिरकावली ती माझी चूक झाली," असें आधीं म्हणालों. हें वाक्य नातवाला म्हणण्यास जितकें धैर्य लागतें, तितकें कोणत्याहि परीक्षकापुढें उभें राहण्यास लागत नाहीं. मग स्वयंपाकघरांतून दोन पोळ्या आणविल्या. एकीचा अर्धा भाग ताटांत ठेवला, दुसरीचा तिसरा भाग त्याशेजारीं. "हें दोन्ही मिळून अर्ध्या पोळीहून जास्त कीं कमी?" "जास्त." "आणि पांचांतले दोन म्हणजे?" तो विचारांत पडला. "अर्ध्याहून कमी!" त्याचे डोळे मोठे झाले. "मग, आजोबा, तें चेंडूंचें बरोबर कसें आलें?" मीं सांगितलें कीं तेथें आपण कितीपैकीं किती हें मोजीत होतों, येथें एकाच मापाच्या पोळीचा केवढा भाग, हें मोजावयाचें आहे. त्यासाठीं तुकडे सारखे हवेत. मग सुरी घेऊन त्यानेंच अर्ध्या भागाचे तीन तुकडे केले, तिसऱ्या भागाचे दोन. प्रत्येक तुकडा पोळीचा सहावा भाग. "पांच-षष्ठांश," तो म्हणाला. रीत मीं सांगितलीच नाहीं.

ह्यानंतर तो गणितांत पहिला आला, असें लिहिण्याचा मोह होतो. परंतु तसें झालेलें नाहीं. अपूर्णांकांच्या भागाकारांत तो अजून अडखळतो. माझेहि दहांतले चार चेंडू उजवीकडे जातात, आणि जे सरळ जातात ते शंभर यार्डांपलीकडे क्वचितच पोंचतात. फरक एवढाच, कीं आतां तो वही घेऊन आपण होऊन येतो, आणि चूक दिसली कीं मी विचारतों, "हें करतांना मनांत काय होतें?"

परवां असेंच आम्ही दोघे बसलों असतां माझा मुलगा कचेरींतून आला आणि दारांतच उभा राहिला. बराच वेळ तो ऐकत होता. मग येऊन खुर्ची ओढून बसला, आणि ताटांतला पोळीचा एक तुकडा उचलून तोंडांत टाकला. "बाबा," तो म्हणाला, "रविवारीं मी आलों तर चालेल कां मैदानावर?"

मी कांहीं बोलण्यापूर्वींच आंतून काकूंचा आवाज आला, "जा, जा! आतां तिघे मिळून एक चेंडू शोधा."