नावांच्या वाटेने धंतोली

धंतोली हे नाव उच्चारताच व्यापारी कुळातील माणसाच्या कानी प्रथम 'धन' पडते. त्यास 'तोल' जोडला, की अर्थ तयार: जेथे धन तोलले जाते ती धंतोली! परंतु स्थलनामांच्या बाबतीत कान हा विश्वासू साक्षीदार नव्हे.

दूरच्या वेल्स देशातील स्वान्सी नगराचे उदाहरण पाहावे. इंग्रजी कानाला त्यात राजहंस आणि समुद्र ऐकू येतात. वस्तुतः ते 'स्वेनचे बेट' अशा अर्थाचे जुने नॉर्स नाव. वेल्श भाषक त्याच नगरास 'अबरतावे' म्हणजे तावे नदीचे मुख म्हणतात. एकाच गावाच्या या दोन स्मृती.

नागपुरातही हेच घडले. धंतोलीजवळून वाहणाऱ्या नाग नदीने शहराला नाव दिले. शेजारच्या सीताबर्डीत भाविकाला सीतामाई दिसते. लोककथा मात्र शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोन बंधूंकडे बोट दाखवते. मराठीत खडकाळ उंचवट्यास बर्डी म्हणतात, आणि 1817 च्या लढाईची टेकडी तर समोरच उभी आहे.

इंग्रजी अमदानीत धंतोलीच्या परिसराला 'क्रॅडॉक टाउन' म्हणत. सर रेजिनाल्ड क्रॅडॉक हे 1907 ते 1912 या काळात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. अधिकाऱ्याचे नाव कागदावर राहिले. लोकांच्या तोंडी धंतोलीच टिकली. आज बाहेरगावचे लोक येथे येतात ते बहुधा रुग्णालयांचा पत्ता विचारीत.

पेठांची नावे अधिक सरळ आहेत. आदित्यवाराचा ऐतवार, इतवार झाला आणि त्या दिवसाच्या बाजारावरून इतवारी. बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी यांचीही तीच कुळकथा. इतवारीतील परवारपुऱ्याच्या नावात तर परवार जैन समाजाची वस्तीच नोंदलेली आहे.

जैन न्यायात नामनिक्षेप सांगितला आहे: गुणाची अपेक्षा न ठेवता व्यवहारासाठी दिलेले नाव. तरीही अशा नावांत पूर्वजांच्या येण्याजाण्याचा माग राहतो. पाट्या बदलतात, जुनी माणसे निघून जातात. घरातील जुन्या चोपड्यांवर, लग्नपत्रिकांवर, दस्तांवर लिहिलेले पत्ते मुलांना दाखवावेत आणि ज्येष्ठांनी सांगितलेली प्रत्येक नावाची कथा वहीत उतरवून ठेवावी. हिशेबाची वही जपणाऱ्या कुळांना हे काम अवघड नाही.