झिटकू आणि मिटकी

सात भावांची एकुलती एक बहीण मिटकी. तिचं मन झिटकूवर बसलं. बहिणीला डोळ्यांआड होऊ द्यायला भाऊ तयार नव्हते, म्हणून झिटकू घरजावई झाला, त्यांच्याच शेतात राबू लागला. पुढे भावांनी बांधलेल्या तळ्यात पाणी काही ठरेना. नरबळी मिळाला तर ठरेल, असं कुणीतरी सांगितलं. भावांनी झिटकूचाच जीव घेतला आणि मिटकीनं त्याच तळ्यात स्वतःला लोटून दिलं. गडचिरोलीपलीकडच्या बस्तरमध्ये ही कथा गावागणिक बदलत जाते. मी ऐकलेल्या एकाही रूपात तिचा शेवट गोड नाही.

हे दोघं पितळेचे होऊन आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी आले, ते लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून. आमच्या शहरात नवऱ्यानं बायकोला काय द्यावं हे ठरलेलं आहे: पैठणी, नाहीतर हिमरूची शाल. दोन्ही मला प्रिय आहेत. पण यांनी वर्तमानपत्राच्या गुंडाळीतून काढलं ते हे वीतभर उंचीचं जोडपं. कथा ऐकून सासूबाई म्हणाल्या, “अगं, जीव गेलेली माणसं ही. शुभ दिवशी कशाला?”

त्यांची शंका मला रास्त वाटली आणि बरेच दिवस मनात राहिली. बस्तरचे लोक मात्र या दोघांना देव मानून पूजतात. ज्यांना एकत्र जगू दिलं नाही, त्यांना तिथले पितळ ओतणारे घडवा कारागीर पिढ्यानपिढ्या शेजारी शेजारी उभं करत आले आहेत. याहून शुभ काय असतं?

आणि ते उभं करणंही किती मायेचं! आधी भुसा मिसळलेल्या मातीचा गाभा घडवायचा, वाळवायचा. मग मधमाश्यांचं मेण ऊन करून, सोऱ्यातून शेव पाडावी तसे त्याचे बारीक दोरे काढायचे आणि ते एकेक करून गाभ्यावर बसवायचे. केसांची वळणं, गळ्यातली माळ, लुगड्याची किनार, सगळं या दोऱ्यांतूनच. त्यावर आधी मऊ आणि मग जाड मातीचे थर, आणि धातू आत शिरायला एक वाट. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्यानं सोडलेल्या जागेत तापलेलं पितळ उतरतं. निवल्यावर साचा फोडतात. तो फुटल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, आणि फुटला की त्यातून दुसरी निघत नाही. म्हणून आमच्या मिटकीची मान किंचित डावीकडे कलली आहे, ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याच मिटकीची तशी कललेली नसेल. झिटकूचा साचा वेगळा, तिचा वेगळा. दोघं वेगवेगळे ओतलेले, मग जोडीनं ठेवलेले. संसार मांडणाऱ्या कुणाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ही विद्या आपल्याला परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या ओतकामाची रीत नोंदवून ठेवली. त्याच्याही कितीतरी आधीचं काम आमच्या शेजारच्या जिल्ह्यात सापडलं. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला, एका भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार कांस्यशिल्पं मिळाली: हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. रथ हाकत उभा असलेला तो सडपातळ माणूस पाहिला की मला झिटकू त्याचाच वंशज वाटतो. इतिहासकारांनी हे मान्य करावं असा माझा आग्रह नाही, पण डोळे ऐकत नाहीत.

घडवा कारागीर पुष्कळदा मोडीचं पितळ वितळवतात. हे कळलं तेव्हा मला आमच्याकडच्या घराघरांतून मोडीत गेलेली भांडी आठवली: घंगाळं, हंडे, पिंपं, ज्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे आले. सासूबाईंचं लग्नातलं घंगाळ असंच गेलं. त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मोडीची गोष्ट मी सांगितली, तशी त्यांनी मिटकीला उचलून पदरानं पुसलं, तिच्या डोक्यावरच्या टोपलीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हिच्यात कुणाकुणाची भांडी असतील गं?” शुभ-अशुभाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता ओळखीतल्या मुलामुलींना, कुणाला मनातलं सांगायचं असेल तर, मी हीच जोडी सुचवते. कोंडागावच्या जयदेव बघेलांसारख्या घडवा कलावंतानं ही कला देशाबाहेर नेली, पण बहुतेक मूर्तींवर करणाऱ्याचं नाव नसतं. म्हणून घेताना ते विचारा, चिठ्ठीवर लिहून भेटीसोबत द्या. मेणाचा एकेक दोरा बसवण्यात गेलेल्या दिवसांकडे पाहा आणि भाव पाडू नका. जोडीतला एकच स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. घरी आणल्यावर चिंच लावून लखलखीत घासू नका, दोऱ्यांमधली काळसर सावली जाते. कोरडं फडकं पुरतं.